खेड्यांचे हिशेबनीस

सन १९२९ मधील मे महिन्याची नऊ तारीख होती. साबरमतीच्या काठावरील आश्रमात सदतीस वर्षांचे एक गृहस्थ काठी टेकीत आले. अंगावर उंची विलायती पोशाख होता आणि रेशमी विजारीची घडी जराही मोडलेली नव्हती. भेटीची वेळ अडीचची ठरली होती. तिला अजून दहा मिनिटे अवकाश होता. जवळच एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, एक वृद्ध मनुष्य सूत कातीत बसला होता. चरखा कसा चालतो हे त्या गृहस्थांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. म्हणून काठीवर भार देऊन ते कुतूहलाने पाहत उभे राहिले. काही वेळाने त्या दंतहीन वृद्धाने हसून, आपण कुमारप्पाच ना, असे विचारले. आपल्यासमोर महात्मा गांधी बसले आहेत हे तेव्हा कोठे त्यांच्या ध्यानी आले. ते तत्काळ, त्या रेशमी विजारीसकट, भुईवर बसले. कोणीतरी घरातून खुर्ची आणली, पण ती रिकामीच राहिली.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचे मूळचे नाव. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील मद्रास सरकारच्या बांधकाम खात्यात होते. आई धर्मपरायण होती. हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेण्यासाठी जोसेफ लंडनला गेले, तेथे काही काळ त्यांनी काम केले, आणि १९१९ मध्ये आईच्या इच्छेवरून ते स्वदेशी परतले. मुंबईत त्यांनी आपला व्यवसाय मांडला आणि १९२४ मध्ये भागीदारीत स्वतःची पेढी काढली. मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या वह्या त्यांच्या हाताखालून जात. राहणी साहेबी होती, मिळकत चांगली होती. हा मनुष्य पुढे खेड्यातील तेल्या-कुंभारांच्या जमाखर्चात आयुष्य घालवील, असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्यांनी हसून सोडून दिले असते.

१९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. प्रथम त्यांनी व्यापारव्यवस्थेची पदवी मिळवली, आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली ते सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास करू लागले. सार्वजनिक अर्थकारण म्हणजे सरकारचा जमाखर्च : कर कोणाकडून घेतले आणि ते कोणासाठी वेचले, याचे शास्त्र. तेथील एका चर्चमध्ये हिंदुस्थान दरिद्री का आहे या विषयावर त्यांनी एक व्याख्यान दिले. त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला, तो सेलिग्मन यांच्या वाचनात आला, आणि याच प्रश्नावर प्रबंध लिहावा असे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यास सुचविले. कॉर्नेलियस सरकारी आकडे तपासू लागले. कर भरणारा बहुतांशी शेतकरी. परंतु त्या पैशाचा मोठा भाग सैन्यावर, बड्या पगारांवर आणि कर्जाच्या व्याजावर खर्च होई. ज्याने पैसा दिला त्याच्या विहिरीकडे, शाळेकडे किंवा बांधाकडे त्यातले फारच थोडे परत येई. साम्राज्याची वही बिनचूक लिहिलेली होती, पण तिच्यात जमा एका घराची आणि खर्च दुसऱ्याच घरचा होता. या अभ्यासाने त्यांचे मन पालटले. मायदेशी परतल्यावर त्यांनी कॉर्नेलियस हे नाव सोडून कुमारप्पा हे आपल्या घराण्याचे जुने नाव धारण केले.

हा प्रबंध छापावा कोणी, या विचाराने ते गांधीजींकडे गेले होते. गांधीजींनी तो आपल्या 'यंग इंडिया' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध करण्याचे मान्य केले. परंतु त्याबरोबर त्यांनी कुमारप्पांवर एक वेगळेच काम सोपविले. गुजरातमधील खेड्यांची आर्थिक पाहणी करावी, असे त्यांनी सांगितले. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. त्यावर गुजरात विद्यापीठाचे अध्यापक व विद्यार्थी मदतीस देण्यात आले, आणि खेडा जिल्ह्यातील मातर तालुका पाहणीसाठी निवडण्यात आला.

चोपन्न गावांतून ही मंडळी हिंडली. घरात माणसे किती, जमीन किती, बैल किती, विहिरीला पाणी किती महिने टिकते, सावकाराचे देणे किती, सारा भरल्यावर दाणे किती उरतात, असे प्रश्न घरोघर विचारून उत्तरे नोंदली गेली. ज्या विद्यार्थ्यांनी आजवर अर्थशास्त्र पुस्तकात वाचले होते ते आता ते कणगीत हात घालून शिकू लागले. या नोंदींतून दिसले ते भयंकर होते. कित्येक कुटुंबांची वर्षाची मिळकत त्यांच्या पोटालाच पुरत नव्हती. मग सारा भरला जाई तो कर्ज काढून. शिलकेवर कर घेणे समजण्यासारखे आहे, परंतु येथे तुटीवर कर घेतला जात होता. पाहणीचा हा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशात खेड्याचा इतक्या बारकाईने घेतलेला हिशेब त्या काळी विरळाच होता.

मधल्या काळात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. 'यंग इंडिया'च्या संपादनाचा भार कुमारप्पांवर पडला आणि त्यापायी १९३१ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. पुढे १९३२ मध्ये पुन्हा शिक्षा झाली आणि नाशिकच्या तुरुंगात त्यांना राहावे लागले.

त्यांच्या काटेकोरपणाची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांनी उभारलेल्या मदतनिधीचे हिशेब पाहण्यासाठी कुमारप्पा पाटण्यास गेले. स्वयंसेवकाच्या जेवणखाणासाठी दिवसाला तीन आणे, याहून अधिक खर्च निधीतून मिळणार नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. पुढे गांधीजी आपल्या परिवारासह तेथे आले. त्यांच्या मंडळींना फळे, दूध लागे; तो खर्च तीन आण्यांत बसणे शक्य नव्हते. कुमारप्पांनी महादेवभाई देसाई यांना स्वच्छ सांगितले, की या मंडळींचा भार निधीवर पडता कामा नये. त्यांनी आपली व्यवस्था निराळी पाहावी. गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी कुमारप्पांना बोलावून कारण विचारले. लोकांनी हा पैसा भूकंपात उघड्या पडलेल्यांसाठी दिला आहे, पाहुण्यांसाठी नव्हे, असे उत्तर मिळाले, आणि गांधीजींनी ते तत्काळ मान्य केले. कुमारप्पांचा स्वभाव तापट होता. त्यांच्या बोलण्याने दुखावलेली माणसे पुष्कळ असतील. परंतु ज्याच्यापुढे देश नतमस्तक होता त्यालाही एक नियम लागू करणारा हिशेबनीस मिळणे ही सार्वजनिक कामात फार दुर्मीळ गोष्ट आहे.

त्याच वर्षी डिसेंबरच्या १४ तारखेस वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत संघाचे ठाणे पडले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी असे नाव मिळाले. विदर्भाच्या उन्हात, साध्या खोलीत, मुंबईच्या पेढीचा हा मालक आता राहू लागला.

मगनवाडीत काय चाले? कोठे घाणी फिरे, कोठे भात कांडला जाई, कोठे चिंध्यांपासून हातकागद होई. मधमाश्यांच्या पेट्या होत्या, साबण होता, ताडाच्या रसाचा गूळ होता. खाण्यास न येणाऱ्या वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' नावाचा कंदील तेथे तयार करण्यात आला; घासलेट परदेशातून आणावे लागे आणि करंजासारखी झाडे तर गावच्या शिवारातच उभी असत. खेड्यात जाऊन काम करणारे सेवक तयार करण्यासाठी एक विद्यालयही तेथे होते. हे सर्व जुने ते सोने म्हणून चालले होते असे कोणी समजू नये. प्रत्येक अवजार मोजून, मापून, सुधारून पाहिले जाई. घाणीतून तेल किती टक्के निघते, बैलाला ओढ किती पडते, याची टिपणे ठेवली जात.

कुमारप्पांचा हिशेब कसा असे, हे घाणीवरूनच पाहू. शेतकऱ्याचा तीळ किंवा भुईमूग शहरातील गिरणीत गेला, तर तेथे तेल अधिक निघते आणि ते स्वस्त पडते. एवढेच लिहिले तर गिरणी फायद्याची ठरते. पण कुमारप्पा पुढे लिहीत. बी गावाबाहेर गेले त्याबरोबर पेंडही गेली. मग गावच्या गुरांनी काय खावे? गुरे खंगली म्हणजे खत कमी, खत कमी म्हणजे पीक कमी. तेल्याचे काम गेले. तो आता शेतमजुरीस जातो, म्हणून मजुरीचा दर उतरतो. भाताचेही तसेच. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ दिसावयास सुंदर. परंतु त्याचा पौष्टिक कोंडा निघून जातो. केवळ असा सडलेला भात खाणाऱ्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो हे वैद्यांनी सिद्ध केले आहे. हातसडीच्या तांदळात तो कोंडा काही अंशी राहतो, आणि कांडणाऱ्या बायांना दोन पैसे मिळतात. बाजारातील भाव या गोष्टी सांगत नाही. वस्तू स्वस्त का झाली आणि त्या स्वस्ताईची किंमत दुसऱ्या कोणी कोठे मोजली, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा झाला असे ते मानीत नसत.

निसर्गाकडे पाहून त्यांनी आपले अर्थशास्त्र बांधले. वाघ दुसऱ्या प्राण्याला मारून जगतो. माकड आमराईत शिरून फळे खाते. झाड मारीत नाही, पण त्याला पाणीही घालीत नाही. पक्षी स्वतःच्या श्रमाने घरटे विणतो. मधमाशी केवळ आपल्यापुरते न साठविता साऱ्या पोळ्यासाठी मध साठविते. आणि पिलांना चारा भरविणारी पक्षीण मोबदल्याची अपेक्षाच करीत नाही. माणसांचे व्यवहारही असेच पाच तऱ्हेचे असतात, असे कुमारप्पांनी दाखविले. दुसऱ्यांच्या देशातील कच्चा माल बळाने ओढून नेणारे साम्राज्य कितीही झगझगीत असले, तरी ते पहिल्या पायरीवरचेच होय. माणसाने पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीकडे चढत जावे, याला ते प्रगती म्हणत.

आणखी एक भेद ते करीत. दगडी कोळसा आणि खनिज तेल हे साठ्याचे धन. काढाल तितके कमी होणार, आणि साठा आटू लागला की त्यासाठी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसणार. जंगलातले लाकूड, वाहते पाणी, बैलाचे बळ, दर वर्षीचे पीक हे वाहते धन. झाडे जितकी वाढतात तितकीच तोडली, तर ते पिढ्यान्पिढ्या पुरते. साठ्यावर उभी केलेली भरभराट क्षणिक, आणि वाहत्या धनावरची चिरकाल टिकणारी, असा त्यांचा सिद्धान्त होता. कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही आज शाळेत शिकविली जाणारी गोष्ट त्यांच्या लेखनाच्या काळी लोकांपुढे आलेली नव्हती. ते केवळ साठ्याचा आणि लढायांचा हिशेब करून त्या निष्कर्षावर आले होते.

शिक्षणाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने याहून निराळा नव्हता. खेड्यातील जी थोडी मुले शाळेत जात, ती लिहावयास शिकली की शहरात कारकून होत. गावाकडे ती परतत नसत. म्हणजे बियाबरोबर पेंड जावी तशी गावची बुद्धीही गावाबाहेर जाई. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमण्यात आली तीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर यांच्याबरोबर कुमारप्पाही होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि त्याच्या मध्यभागी एखादा हस्तोद्योग, अशी ती योजना होती. तिलाच नई तालीम म्हणतात. मुलाने कापूस वेचावा, पिंजावा, टकळीवर सूत काढावे. सुताचे तार मोजताना गणित यावे, कापसाची काळी जमीन पाहताना भूगोल यावा, आणि मँचेस्टरच्या कापडाची हकिकत ऐकताना इतिहास यावा. ज्याचे हात कामात मुरले आहेत तो दुसऱ्याच्या श्रमाला तुच्छ लेखणार नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

ही योजना पुढे पुष्कळ प्रांतांत स्वीकारली गेली, पण बहुतेक ठिकाणी ती रुजली नाही. त्याची कारणे शिक्षकांना ठाऊक आहेत. कित्येक शाळांत टकळी हा वेळापत्रकातील आणखी एक तास झाला. सूत निघे, पण त्या सुतातून गणित व भूगोल काढून दाखविणारा शिक्षक तयार झालेला नसे. पालकांनाही आपल्या मुलाने कारकून व्हावे असेच वाटे, आणि त्यांना दोष देता येत नाही. पगार कारकुनाला होता, विणकराला नव्हता. कुमारप्पांचे म्हणणे येथेच लक्षात येते. समाजाचा हिशेब जुनाच ठेवून एकटी शाळा नवी करता येत नाही.

१९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. पंडित जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते, आणि कुमारप्पा सभासद. मोठे कारखाने झपाट्याने उभारावे, असा तेथे बहुतेकांचा कल होता. कुमारप्पांना खेड्यापासून आरंभ हवा होता. थोड्याच महिन्यांत ते समितीतून बाहेर पडले. या मतभेदात दुसरी बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. पोलाद, रेल्वे, वीज, औषधे ही हातमागावर होत नाहीत, आणि गुलामीतून उठणाऱ्या देशाला ती हवी होती. पण ज्या कोट्यवधींच्या हाताला त्या कारखान्यांत काम मिळणार नव्हते त्यांचे काय, हा कुमारप्पांचा प्रश्न खरा होता. तो प्रश्न त्यांच्याबरोबर समितीच्या दाराबाहेर गेला.

महायुद्धाच्या काळात सरकार नोटा छापून त्यांच्या बळावर खेड्यांतील धान्य उचलीत होते. भाकरी मागणाऱ्याच्या हाती धोंडा देण्याचाच हा प्रकार आहे, असा लेख कुमारप्पांनी लिहिला आणि त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. जबलपूरच्या त्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या आचरणावर व उपदेशावर. दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या ग्रंथाला गांधीजींनी प्रस्तावना लिहिली, आणि कुमारप्पांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर अशी पदवी थट्टेने, पण मनापासून, बहाल केली. विद्यापीठाने न दिलेली ही पदवी कुमारप्पा अभिमानाने नावापुढे लावीत.

स्वातंत्र्यानंतर शेतजमिनीच्या सुधारणांसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. कसणारा आणि सरकार यांच्यामधील सर्व मध्यस्थ दूर करावे, असे तिने १९४९ च्या अहवालात सांगितले. तरीही सत्तेच्या वर्तुळात कुमारप्पा रमले नाहीत. वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी आश्रम काढून शेतीचे प्रयोग आरंभिले. ऊस, तंबाखू अशी बाजाराला हवी ती पिके घेण्याआधी गावाने आपल्याला समतोल आहार व वस्त्र पुरेल अशी पिके घ्यावी, म्हणून एक लाख वस्तीसाठी कोणत्या पिकाला किती जमीन लागेल याचे कोष्टकच त्यांनी मांडले होते. सेलडोहच्या मातीत ते या मार्गाने काही वर्षे झटले. मग प्रकृती ढासळली आणि ते तमिळनाडूत मदुरा जिल्ह्यातील कल्लुपट्टी येथे, गांधी निकेतन आश्रमात, एका लहानशा झोपडीत राहावयास गेले.

त्या झोपडीत भिंतीवर एका गरीब शेतकऱ्याचे चित्र होते. हा कोण, असे पाहुण्याने विचारले म्हणजे कुमारप्पा, तो आपल्या गुरूचा गुरू आहे, असे सांगत. गुरू म्हणजे गांधीजी, हे पाहुण्याने ओळखावयाचे असे. ते अविवाहित होते. मागे ठेवण्याजोगी मालमत्ता त्यांच्यापाशी नव्हती. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे पूर्ण होत होती.

पुढे १९७३ मध्ये ई. एफ. शूमाखर या अर्थशास्त्रज्ञाचा लहान प्रमाणावरील उद्योगांची बाजू मांडणारा ग्रंथ इंग्लंडात प्रसिद्ध झाला, आणि त्यातील कुमारप्पांच्या उल्लेखामुळे पाश्चात्त्य वाचकांना त्यांचे नाव कळले. मगनवाडीतील जे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडण्यात आले, ते वर्ध्यात आजही उभे आहे, आणि खेड्यातील कारागिरांची जुनी अवजारे तेथे पाहावयास मिळतात.